लष्कर, नौदल की हवाई दल?
वास्कोत वाढलास, नौदलाच्या हंसा तळावरची विमानं रोज डोक्यावरून जातात, म्हणून नौदलच, असं ठरवू नकोस. नेमणूक विशाखापट्टणमला किंवा अंदमानातही होते.

आधी एवढंच बघ:
- डोळे. रंग ओळखण्यात दोष असेल तर बरीच दारं बंद. तपासणी आत्ताच कर, अर्ज भरल्यावर नव्हे.
- बारावीचे विषय. एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर अधिकारी घडवते ती) लष्करात कुठल्याही शाखेतून जाता येतं; नौदल, हवाई दलाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच.
- अग्निवीर की अधिकारी? अग्निवीर म्हणजे ठरावीक मुदतीचा जवान; त्याची मुदत 4 वर्षं, कायम होतात 25 टक्क्यांपर्यंत. घरच्यांना हे स्पष्ट सांग.

गणवेश पाहून निवडणं ही नेहमीची चूक. पांढरा रुबाबदार खरा (मलाही आवडतो), पण जहाजावर दिवसच्या दिवस जमीन दिसत नाही. कमांडो वगैरे नंतर बोलू. बायण्याच्या वाळूत धावायला मात्र उद्यापासूनच लाग.