एक नाव, अनेक धनी

या महिन्यातली बरीच पत्रं नावांच्या घोळाबद्दल होती. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : जुन्या कात्रणात 'सुलोचना यांना दादासाहेब फाळके पुरस्कार' अशी बातमी सापडली. पण सुलोचनादीदींच्या पुरस्कारांच्या यादीत तो दिसत नाही. असं का? (एक वाचक, कोल्हापूर)

कारण तो दीदींना मिळालेलाच नाही. १९७३चा फाळके पुरस्कार रुबी मायर्स यांचा. १९०७ साली पुण्यात बगदादी ज्यू घराण्यात जन्मलेल्या या बाई सिनेमात येण्याआधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. मूकपटांच्या जमान्यात त्या 'सुलोचना' या नावानं गाजल्या. अनारकलीची भूमिका त्यांनी मूकपटात केली, मग बोलपटात केली, आणि १९५३च्या 'अनारकली'त त्या सलीमची आई झाल्या.

सुलोचना लाटकर, म्हणजे आपल्या दीदी, १९२८च्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या घडल्या. त्यांच्या नावावर १९९९ची पद्मश्री आणि २००९चा महाराष्ट्र भूषण आहे.

तिसऱ्या सुलोचना चव्हाण. लावणीसम्राज्ञी ही आचार्य अत्र्यांनी दिलेली पदवी त्यांची, आणि २०२२ची पद्मश्रीही त्यांचीच. लग्नाआधी त्या सुलोचना कदम होत्या, त्यामुळे जुन्या तबकड्यांवर 'कदम' दिसलं तर चौथी सुलोचना शोधत बसू नका.

खरी पंचाईत पन्नासच्या दशकापासून पुढच्या हिंदी चित्रपटांत होते. तोवर रुबी मायर्सही चरित्रभूमिकांकडे वळल्या होत्या आणि श्रेयनामावलीत त्यांचं आणि दीदींचं नाव नुसतं 'सुलोचना' असं येई. १९४०च्या आधीचा चित्रपट असेल तर प्रश्नच नाही, त्या रुबी मायर्स. त्यानंतरचा असेल तर नावापेक्षा भूमिका पाहा. नऊवारीतली किंवा डोक्यावर पदर घेतलेली सोशिक आई बहुतेक वेळा दीदी असतात, अँग्लो-इंडियन किंवा पाश्चात्त्य पेहरावातली बाई बहुतेक वेळा रुबी मायर्स. 'बहुतेक' म्हटलंय ते लक्षात असू द्या. खात्री चेहरा पाहूनच होते आणि दोघींच्या वयात एकवीस वर्षांचं अंतर असल्यानं ती चटकन होते.

प्रश्न : हॉकीतले बलबीर सिंग नेमके किती? (नाशिक)

भारताकडून खेळलेले पाच तर नक्की मोजता येतात. थोरले, म्हणजे बलबीर सिंग सीनियर, हे १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन ऑलिंपिकचे सुवर्णविजेते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारतानं नेदरलँड्सला ६-१ हरवलं, त्यातले पाच गोल त्यांचे. बलबीर सिंग ज्युनियर १९५८च्या टोकियो आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवणाऱ्या संघात होते. 'ज्युनियर' वाचून मुलगा समजू नका, नातं काही नाही.

कमाल झाली १९६८ला. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलेल्या एकाच संघात तीन बलबीर सिंग होते : पंजाब पोलिसांचे, रेल्वेचे आणि सेनादलाचे. म्हणून नोंदी तपासताना नावापुढे कंसात दिलेली संस्था आधी वाचा. ती गाळून केलेल्या याद्यांमध्ये एकाचे गोल दुसऱ्याच्या खात्यावर गेलेले सापडतात.

हॉकीचाच विषय आहे तर अशोक कुमारही सांगून टाकू. १९७५च्या क्वालालंपूर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल करणारे अशोक कुमार हे मेजर ध्यानचंदांचे चिरंजीव. अभिनेते अशोक कुमार यांचं मूळ नाव कुमुदलाल गांगुली, म्हणजे दोघांपैकी जन्मापासून अशोक एकच.

प्रश्न : फुटबॉलमध्येही मोहम्मद रफी आहे म्हणतात, खरं का? (पणजी)

खरं. केरळचा आघाडीचा खेळाडू. २०१६च्या इंडियन सुपर लीग (आयएसएल) अंतिम सामन्यात कोचीत केरळा ब्लास्टर्सचा गोल त्याचाच होता, सामना मात्र पेनल्टीत कोलकात्यानं नेला.

प्रश्न : आयपीएल लिलावात पंजाबनं चुकीचा खेळाडू घेतला, हे खरं की अफवा? (ठाणे)

१९ डिसेंबर २०२३, दुबई. शशांक सिंग या नावावर पंजाब किंग्जनं २० लाखांची बोली लावली, हातोडा पडला आणि मग त्यांच्या टेबलावर गडबड उडाली. हातोडा पडल्यावर बोली मागे घेता येत नाही, एवढाच नियम आडवा आला. यादीत त्या नावाचे दोन खेळाडू असल्यानं गोंधळ झाला, पण घेतलेला शशांकही आमच्या यादीत होताच, असा खुलासा संघानं नंतर केला. हा शशांक छत्तीसगडचा, पूर्वी मुंबईकडूनही खेळलेला. ४ एप्रिल २०२४ला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध त्यानं २९ चेंडूंत नाबाद ६१ केल्या आणि २०० धावांचं लक्ष्य गाठून दिलं. पुढच्या हंगामासाठी संघानं त्याला राखून ठेवलं, तेव्हा नाव बघूनच ठेवलं असणार.

प्रश्न : मायकल बी. जॉर्डन यातला 'बी' कशाचा? (पुणे)

बकारी. हा अभिनेता १९८७चा, बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन १९६३चा. अभिनेत्याचं 'मायकल' वडिलांवरून आलं आहे. अमेरिकेतल्या कलाकार संघटनेत दोन सभासदांना एकाच नावानं काम करता येत नाही, त्यामुळे तिथे अशी अक्षरं पुष्कळ. मायकल जे. फॉक्सचं मधलं नाव खरं अँड्र्यू, 'जे' त्यानं आणून लावला. मायकल कीटनचं जन्मनाव मायकल डग्लस, पण ते आधीच घेतलेलं होतं.

प्रश्न : माझं नाव एका नामवंत गायकाचंच आहे. पहिलं गाणं ऑनलाइन येणार आहे. नाव बदलू? (सातारा)

बदलायची गरज नाही, वाढवा. वडिलांचं किंवा आईचं नाव मध्ये घालण्याची सोय आपल्याकडे जन्मतःच आहे, ती वापरा. मग तेच नाव, त्याच स्पेलिंगसह, प्रत्येक गाण्यावर ठेवा.

गाणं वितरकाकडे (गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) चढवताना कलाकाराचं नाव टाकलं की त्या नावाच्या कलाकारांची आधीची पानं समोर येतात. घाईत पहिलं पान निवडलं की गाणं थेट त्या नामवंताच्या पानावर जातं. 'नवीन कलाकार' हाच पर्याय निवडा आणि दुसऱ्या गाण्यापासून स्वतःच्या पानाचा दुवा द्या. प्रदर्शनाच्या दिवशीच तपासा. चूक दिसली तर वितरकाला चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही पानांचे दुवे पाठवा.

ध्वनिमुद्रणाचे पैसे पानावरून ठरत नाहीत. गाण्याला मिळालेला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) ज्या खात्यातून नोंदला, तिथे ते येतात. गीत किंवा चालही तुमची असेल तर आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेची) नोंदणी वेगळी करावी लागते. तिथून मिळणारा आयपीआय क्रमांक, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा ओळखक्रमांक, प्रत्येक कागदावर लिहा, कारण नुसत्या नावावर गेलेलं मानधन नामबंधूकडे वळू शकतं.

कायद्याची भीती वाटत असेल तर, स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३५ संरक्षण देतं. पोस्टरवर त्यांच्यासारखी अक्षरं, त्यांच्यासारखी पोझ घेतलीत तर मात्र ते कलम कामी येणार नाही.