ताब्यातल्या शहराचं पीठ-पाणी

प्रिय मित्रा,

व्याप्त प्रदेशाच्या, म्हणजे फौजेने ताब्यात घेतलेल्या परक्या मुलखाच्या, कारभाराच्या प्रशिक्षणासाठी तुझी निवड झाली, हे वाचलं. अभ्यासक्रमात कायदा, भाषा, नकाशे असं सगळं येईलच. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. ते शहर फौज शिरण्याआधीही चालत होतं आणि फौज निघून गेल्यावरही चालायचं आहे. मधल्या काळात ते बंद पडू न देणं, हे तुझं काम. त्या लोकांना सुधारण्याची जबाबदारी तुझ्यावर कुणीही टाकलेली नाही.

सैन्यांना हे उशिरा उमगलं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन फौज जर्मनीत ऱ्हाइनकाठी कोब्लेंट्झला बसली, तेव्हा नागरी कारभाराचं शिक्षण अधिकाऱ्यांना मिळालेलंच नव्हतं. त्या काळावरच्या कर्नल हंट यांच्या अहवालात ही उणीव स्पष्ट नोंदवली आहे. पुढे मे १९४२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात, शार्लट्सव्हिलला, लष्करी प्रशासनाची शाळा सुरू झाली. तिथली एक पद्धत आजही जशीच्या तशी उचलावी अशी आहे: अधिकाऱ्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक खराखुरा प्रदेश द्यायचा आणि त्याच्या कारभाराचा आराखडा त्यांच्याकडूनच तयार करून घ्यायचा. व्याख्यानांच्या टिपणांपेक्षा असा एक आराखडा तुला जास्त शिकवेल.

कायद्याचा गाभा थोडा आहे, पण तो तोंडपाठ हवा. युद्धाविषयीच्या १९०७ च्या हेग नियमांतली कलमं ४२ ते ५६ आणि युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणारा १९४९ चा चौथा जिनिव्हा करार. ताबा मिळाला म्हणून सार्वभौमत्व मिळत नाही. कलम ४३ प्रमाणे सुव्यवस्था राखायची आणि अगदीच अशक्य असल्याशिवाय तिथले चालू कायदे बदलायचे नाहीत. सामूहिक शिक्षा, ओलीस, लूट यांना पूर्ण बंदी आहे. जिनिव्हा कराराचं कलम ६५ अधिकारी हमखास विसरतात: तू काढलेला दंडविषयक हुकूम तिथल्या लोकांच्या भाषेत प्रसिद्ध होऊन त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत लागूच होत नाही, आणि तो मागच्या तारखेपासूनही लावता येत नाही. संचारबंदीचा कागद रात्री आठला चिकटवायचा आणि नऊला लोकांना धरायचं, हा बेकायदा कारभार झाला. म्हणून जाहीरनामे आधीच छापून न्यावेत. अनुवाद एकाने करावा आणि दुसऱ्याने मूळ न पाहता तो उलट अनुवादित करून द्यावा. ‘निषिद्ध’ आणि ‘परवानगी लागेल’ यांची गल्लत तिथे लगेच उघडी पडते.

आता पाण्याकडे ये, कारण पहिल्या दिवशी तुझ्यापुढे पाणीच येणार आहे. चाळीस हजार वस्तीचं शहर धर. माणशी दिवसाला १५ लिटर या किमान हिशेबाने सहा लाख लिटर लागतात. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर रोज १.२ किलो क्लोरीन, म्हणजे ३० टक्के ताकदीची ब्लिचिंग पावडर ४ किलो. आकडा किरकोळ वाटतो. पण दमट गोदामात उघड्या पिंपात पडलेली पावडर निम्म्या ताकदीवर आलेली असते आणि चार किलो टाकूनही पाणी दूषितच राहतं. दुसरी चूक मोजण्याच्या जागेची. जलशुद्धीकरण केंद्रावरची नोंद छान दिसते, पण मोजायचं असतं शहराच्या शेवटच्या टोकाच्या नळाला. क्लोरीन टाकल्यावर किमान अर्धा तास जाऊ दे आणि मग टोकाला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरतंय का ते बघ. पंप थांबला की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पंपाच्या जनरेटरचं डिझेल दुसऱ्या कुठल्याही कामाला, मुख्यालयाच्या दिव्यांनासुद्धा, वळवू देऊ नकोस. आणि व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस शोध. कागदावरचा नकाशा जुना असतो. कुठली लाइन कुठे वळते आणि कुठला व्हॉल्व्ह कधीपासून अडकलाय, ते त्याला ठाऊक असतं. मुख्य अभियंता पळून गेलेला चालेल, हा माणूस गेलेला चालणार नाही. त्याला संचारबंदीचा पास पहिल्याच तासात दे.

पाव हा दुसरा हिशेब. माणशी ३०० ग्रॅम धरले तर चाळीस हजारांना १२ टन पाव. किलोभर पिठाचा साधारण १.३ किलो पाव होतो, म्हणजे रोज सव्वानऊ टन पीठ. गव्हातून ८० टक्के पीठ निघतं असं धरलं तर साडेअकरा टन गहू, आणि पिठाच्या २ टक्के म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलो मीठ. शिवाय यीस्ट आणि भट्ट्यांचं जळण. पीठ भरपूर आहे पण जळण नाही, म्हणून भट्टी थंड, असं वारंवार होतं. कारण पिठाचा हिशेब एका शाखेकडे असतो आणि कोळशाचा दुसरीकडे. दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहायची सवय लाव.

गहू गावात असूनही बाजारात येत नाही, याचं कारण बहुधा भाव असतो. १९४३ मध्ये इटलीच्या सिसिली बेटावर दोस्त राष्ट्रांचा ताबा होता, तेव्हा सरकारी भाव कमी होता आणि गहू काळ्या बाजारात गेला. त्यात त्यांनी लष्करी लिरा, म्हणजे लष्कराने छापलेलं इटालियन चलन, आणला आणि डॉलरला १०० लिरा असा दर ठरवला. युद्धाआधी डॉलरला वीसेक लिरा मिळत. सैनिकाचा खिसा एका रात्रीत जड झाला, दुकानं रिकामी होत गेली आणि पगारदार नागरिकाच्या हातातला पैसा कवडीमोल होऊ लागला. विनिमयाचा दर तू ठरवणार नाहीस, पण सैनिकांनी स्थानिक बाजारात धान्य-भाजी विकत घेऊ नये, हा हुकूम तू मागू शकतोस. तो माग.

फौजेसाठी माल घ्यावा लागला तर हेगचं कलम ५२ बघ. मागणी स्थानिक कमांडरच्या अधिकाराने आणि त्या भागाच्या ऐपतीच्या प्रमाणात हवी. पैसे शक्यतो रोख, नाहीतर पावती. पावतीवर तारीख, ठिकाण, मालकाचं पूर्ण नाव, वस्तू, वजन, स्थिती, घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, तुकडी आणि सही लागते. प्रती तीन: मालकाला, हिशेब शाखेला आणि पुस्तकात. ‘घोडा १’ असं लिहू नकोस. ‘काळा घोडा, सुमारे सात वर्षं, डाव्या मागच्या पायाला पांढरा पट्टा, नाल ठोकलेले’ असं लिही. ‘गहू ४० पोती’ हीही अर्धी पावती. पोतं किती किलोचं ते नसेल तर भरपाईच्या दिवशी भांडण ठरलेलं. अडाणी शेतकरी ती चिठ्ठी वर्षानुवर्षं जपून ठेवतो. त्याच्या लेखी तुझ्या सैन्याची अब्रू तेवढ्या कागदावर असते.

माणसं नेमणं हे सगळ्यांत अवघड. ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मनीतलं आखेन शहर पडलं आणि अमेरिकनांनी बिशपच्या सल्ल्याने फ्रान्झ ओपनहॉफ यांना महापौर नेमलं. त्यांच्या कारभारात एकाच वर्तुळातली माणसं भरली गेली, काही तर नाझी पक्षातली होती, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. मार्च १९४५ मध्ये जर्मन मारेकऱ्यांनी ओपनहॉफ यांना त्यांच्या घराजवळ ठार केलं. यातून दोन गोष्टी घे. सल्ला एकाच दारातून घेऊ नये: धर्मगुरू, डॉक्टर, शाळेचा मुख्याध्यापक, कामगारांचा माणूस अशा चौघांना वेगवेगळं विचार आणि जुळणारी नावं बघ. आणि ज्याला नेमलंस त्याच्या जिवाची जबाबदारी तुझी. सिसिलीत विलाल्बासारख्या गावी माफियाचा म्होरक्या कालोजेरो व्हिझिनी महापौर झाला; फॅसिस्टांचा विरोधक म्हणजे भला माणूस, या घाईच्या समजुतीला त्यातून धडा मिळतो.

उलट टोकाची चूकही तितकीच महाग. मे २००३ मध्ये इराकवर ताबा मिळवलेल्या अमेरिकी प्रशासनाचे बगदादमध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन हुकूम निघाले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्याने इराकचं सैन्यच बरखास्त केलं. कार्यालयं चालवणारे हात गेले आणि शस्त्र चालवता येणारी लाखो माणसं बिनपगारी रस्त्यावर आली. म्हणून माणूस तपासताना पक्षाचं सभासदपत्र एवढंच बघू नकोस. त्याने स्वतः काय केलं, कुठल्या कागदांवर सही केली, ते शोध. आणि ते शोधायला दप्तर शिल्लक लागतं. शहरात शिरताच पहारा बँक, धान्यकोठार, रुग्णालयाचं औषधभांडार यांच्याबरोबर जमीन-नोंदणी, जन्म-मृत्यू नोंदी आणि न्यायालयाच्या दप्तराच्या खोलीवरही बसव. जळालेली जमिनीची नोंदवही पुढच्या दोन पिढ्यांना कोर्टात घालते.

दुभाषा हा तुझा कान आहे, म्हणून त्याची चौकशी महापौराइतकीच कसून कर. बोलताना वाक्यं छोटी ठेव आणि दुभाष्याकडे न बघता समोरच्या माणसाकडे बघ. आठवड्यातून एकदा दुसरा दुभाषा बसव. तक्रारी एकाच कुटुंबाच्या विरोधात येऊ लागल्या तर आधी दुभाष्याचं नातं तपास.

रोगराईचं एकच उदाहरण देतो. १९४३ च्या अखेरीस इटलीतल्या नेपल्समध्ये टायफस, म्हणजे उवांमार्फत पसरणारा जीवघेणा ताप, पसरला. बंदिस्त आसऱ्यांत दाटीने राहणाऱ्या लोकांच्या कपड्यांतल्या उवा हे कारण होतं. डीडीटी या कीटकनाशकाची पावडर माणसाचे कपडे न उतरवता कॉलर, बाह्या आणि कमरेच्या पट्ट्यातून आत फवारली गेली. जानेवारी १९४४ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांवर ती फवारली आणि साथ भर हिवाळ्यात आटोक्यात आली. डीडीटीचे दुष्परिणाम पुढे कळले आणि आज साधनं वेगळी आहेत. तू बघायचं ते पद्धतीकडे: कपडे उतरवायचे नव्हते, म्हणून बायाबापड्या रांगेत उभ्या राहिल्या.

कोर्स सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर कुठलंही एक मध्यम शहर निवड आणि एका पानावर लिही: वस्ती, पाण्याचा उगम, पंपाला वीज कुठून येते, त्या विजेला इंधन कुठून येतं, पिठाच्या गिरण्या किती, भट्ट्या किती, रुग्णालयात खाटा किती, दफनाची सोय कुठे. जिथे आकडा मिळणार नाही तिथे जागा कोरी सोड, अंदाजाने भरू नकोस. ते पान मला पाठव. कोऱ्या जागांपासून सुरुवात करू.

तुझा,
एक जुना शिक्षक