शार्लटला राहतो, लग्न अटलांटाजवळच्या मंदिरात आहे, मॅरेज लायसन्स कुठून काढायचं आणि सर्टिफिकेट नंतर कुठे मिळतं?

तुमचा प्रश्न आधी नवऱ्याला वाचून दाखवला, तो म्हणाला तू लिही, तुला सगळं पाठ आहे. पाठ असायला कारण आहे, ते पुढे सांगते.

तुम्ही लिहिलंय की दोघं नॉर्थ कॅरोलिनात राहता, लग्न रिव्हरडेलच्या हिंदू टेम्पलमध्ये आहे, तर लायसन्स शार्लटमधूनच काढून ठेवलं तर चालेल का, आणि पुण्याहून आईबाबा म्हणतायत की इथेही वॉर्ड ऑफिसात नोंदणी करून टाका. पहिल्याचं उत्तर, नाही चालणार. दुसऱ्याचं, गरज नाही.

शार्लटचं लायसन्स नॉर्थ कॅरोलिनाच्या हद्दीतच चालतं. लग्न जॉर्जियात लागणार तर लायसन्स जॉर्जियाचं हवं. आणि जॉर्जियाचा नियम असा की दोघांपैकी एक जण जरी तिथला रहिवासी असेल तर कुठल्याही काउंटीतून काढा, पण दोघंही बाहेरचे असाल तर जिथे लग्न लागणार त्याच काउंटीतून. रिव्हरडेल येतं क्लेटन काउंटीत, म्हणजे तुमचं लायसन्स क्लेटनमधूनच. अटलांटा म्हटलं की लोक डोळे झाकून फुल्टन काउंटीत जातात, तसं करू नका. आणि रिसेप्शनचा हॉल भलत्याच काउंटीत असला तरी त्याचा काही संबंध नाही, सप्तपदी जिथे ती काउंटी.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढी समजा, एकट्या जॉर्जियात १५९ आहेत. लग्नाचं काम तिथे प्रोबेट कोर्टाकडे असतं. हो, तेच प्रोबेट, मृत्युपत्रवालं. बंदूक बाळगायचं लायसन्सही तिथेच मिळतं, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा आमच्या पुढे एक काका पिस्तुलासाठी आणि मागे एक ताई वडिलांच्या मृत्युपत्रासाठी उभ्या होत्या आणि मधे आम्ही दोघं लग्नाळू, मला इतकं हसू येत होतं की क्लार्कबाईंनी दोनदा वर बघितलं. दुसऱ्या राज्यात हेच काम दुसऱ्याकडे असतं, टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क, न्यू जर्सीत गावचा रजिस्ट्रार, ओहायोत पुन्हा प्रोबेट कोर्ट, त्यामुळे "माझ्या मैत्रिणीने डॅलसला असं केलं" हे ऐकून काही ठरवू नका. टेक्सास आणि न्यू जर्सीत तर ७२ तास थांबावं लागतं, जॉर्जियात थांबावं लागत नाही, त्याच दिवशी कागद हातात.

आपल्याकडच्या लोकांचा घोळ मुळात इथे होतो की आपल्याकडे आधी लग्न आणि मग नोंदणी. मंगलाष्टकं होतात, जेवणं होतात, आहेर मोजून होतात, मग सवडीने वॉर्ड ऑफिसात नमुना ड भरायचा, लग्नपत्रिका जोडायची, गुरुजींची सही आणायची. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली केलं तरच आधी ३० दिवसांची नोटीस. अमेरिकेत सगळ्यांनाच आधी परवानगी. लायसन्स या शब्दाचा अर्थच तो, आणि परवानगी म्हणजे नाकारायची सोयही आलीच, १९६७ साली सुप्रीम कोर्टाने लव्हिंग खटल्याचा निकाल देईपर्यंत जॉर्जियात गोऱ्या-काळ्या जोडप्याला हा कागद मिळूच शकत नव्हता. आता नाकारण्यासारखं फार काही उरलेलं नाही, पण क्रम तोच राहिलाय.

जाताना दोघांनी एकत्र जायचं, पासपोर्ट न्यायचा, व्हिसा कुठला आहे त्याने फरक पडत नाही. आधी कोणाचं लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाची फायनल डिक्री न्या. रक्ततपासणी वगैरे काही नाही. बऱ्याच काउंट्यांत फॉर्म आधी ऑनलाइन भरता येतो पण सही करायला जावंच लागतं. आमच्या वेळी फी ५६ डॉलर होती, आणि लग्नाआधीचं सहा तासांचं समुपदेशन केलं असेल तर तीच १६. चाळीस डॉलर वाचवायला सहा तास ऐकून घ्यायचं का ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही नाही केलं आणि नंतर एकदोनदा वाटलं की करायला हवं होतं. तुमच्या काउंटीचा आजचा आकडा फोन करून विचारा, आणि पैसे कसे घेतात तेही.

फॉर्मवर आईवडिलांची नावं लागतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. माझ्या होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच्या आईचं माहेरचं आडनाव माहीत होतं पण स्पेलिंग नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी साडेतीनला त्याने साताऱ्याला फोन लावला, तिकडे रात्रीचा एक वाजलेला, सासूबाई दचकून उठल्या की लग्न मोडलं की काय.

आता नावाचं नीट वाचा कारण हे मुलींना फार नडतं. त्याच फॉर्मवर लग्नानंतरचं आडनाव काय ठेवणार हे विचारतात. तुमचं आहे तेच, नवऱ्याचं, किंवा दोन्ही जोडून, यातलं जे लिहाल ते लायसन्सवर येतं आणि मग सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे तोच आधार. पण ही सोय फक्त आडनावापुरती आहे. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं ना, वडिलांचं जाऊन नवऱ्याचं, ते या कागदाने होत नाही, त्यासाठी सुपीरियर कोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. माझं ऐकाल तर मधल्या नावाला हातच लावू नका. मी माझं आडनावही तसंच ठेवलं, सांगलीच्या आजीला अजून मान्य नाही, पण पासपोर्ट, व्हिसा, डिग्री सगळ्यांवर एकच नाव असण्यातलं सुख काय असतं ते इमिग्रेशनचे फॉर्म भरताना कळतं.

लायसन्स मिळालं म्हणजे लग्नाचा दाखला मिळाला असं नाही. हा तीन कागदांचा खेळ आहे. एक लायसन्स, ते लग्नाच्या दिवशी गुरुजींकडे द्यायचं. विधी झाल्यावर गुरुजी त्यावर तारीख, ठिकाण घालून सही करतात आणि ३० दिवसांत त्यांनी ते कोर्टाला परत पाठवायचं असतं. कोर्ट ते आपल्या वहीत चढवतं, आणि त्या नोंदीची शिक्का मारलेली नक्कल म्हणजे सर्टिफाइड कॉपी, हीच सगळीकडे चालते. मंदिरातून गणपतीचं चित्र असलेलं छान सर्टिफिकेट मिळतं ते हॉलमध्ये लावायला.

आमचं तेच झालं, गणपतीवालं लावलं आणि खऱ्या कॉपीची आठवणच राहिली नाही. लग्न २७ मे २०१७, मेमोरियल डेचा लाँग वीकेंड, गोरज मुहूर्त, आणि अटलांटात मे अखेरीला सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास, म्हणून अंतरपाट धरला तेव्हा रात्रीचे साडेआठ आणि सांगलीत रविवारी सकाळचे सहा. आजी आंघोळ करून नऊवारी नेसून व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकत होती. गुरुजींनी सही केली, कागद पोथीच्या पिशवीत ठेवला, आम्ही नमस्कार केला, विषय संपला. दोघांच्या नोकऱ्या आपापल्या, व्हिसे आपापले, इन्शुरन्स आपापला, त्यामुळे दोन वर्षं कोणी लग्नाचा कागद मागितलाच नाही. हॉलमध्ये गणपतीवालं होतं ना लावलेलं.

२०१९ मध्ये ग्रीन कार्डची कागदपत्रं जमवताना वकिलाने सर्टिफाइड कॉपी मागितली. तोवर आम्ही न्यू जर्सीला आलो होतो. मला वाटलं राज्याच्या ऑफिसातून मिळेल, तर जॉर्जिया राज्याच्या व्हायटल रेकॉर्ड्स ऑफिसकडे फक्त जून १९५२ ते ऑगस्ट १९९६ मधल्या लग्नांच्या नकला मिळतात. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं ज्या काउंटीने लायसन्स दिलं तिच्याच प्रोबेट कोर्टात. म्हणजे तुम्ही उद्या सिअ‍ॅटलला गेलात तरी कॉपी क्लेटनमधूनच मागवायची. हे लिहून ठेवा, वीस वर्षांनी पोरांना लागेल.

तर काउंटीला फोन केला, त्या बाईंनी कंप्युटरवर बघून सांगितलं, लायसन्स दिलेलं दिसतंय, परत आलेलं नाही. माझ्या पोटात गोळा. मी नवऱ्याकडे बघते, नवरा माझ्याकडे, म्हणजे आपलं लग्न झालंय की नाही? गुरुजींना शोधलं तर ते दुसऱ्या राज्यात गेलेले, म्हणाले मी तर पोस्टात टाकलं होतं बुवा. टाकलं असेलही, भल्या माणसावर मी काय आरोप करू.

पण घाबरायचं कारण नव्हतं, कायद्यात याला रस्ता आहे. लायसन्स परत आलं नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, लग्नाला हजर असलेल्या दोन साक्षीदारांनी तारीख, ठिकाण आणि लग्न लावणाऱ्याचं नाव लिहून अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, मग प्रोबेट जज लायसन्स पुन्हा काढून त्यावर नोंद करतात, तीही मूळ तारखेची. साक्षीदार दोनशे होते हो, पण गुरुजींचं पूर्ण नाव एकालाही माहीत नव्हतं, सगळे नुसते गुरुजीच म्हणायचे. शेवटी दक्षिणेचा चेक बँकेच्या रेकॉर्डमधून काढला, त्यावर नाव सापडलं. मग माझी जुनी रूममेट आणि एक मामेदीर असे दोघे तयार झाले. मामेदिराने तारीख आठवेना म्हणून फॅमिली ग्रुपवरचा अल्बम बघितला, तो केलेला सांगलीहून, त्यावर २८ मे, याने बिनधास्त २८ लिहून नोटरी करून पाठवलं. लायसन्स, बिलं, रूममेटचं अ‍ॅफिडेव्हिट सगळीकडे २७. पुन्हा नोटरी, पुन्हा कुरियर. आजीचं म्हणणं अजूनही २८च आहे आणि ती आम्हाला त्याच दिवशी फोन करते.

कॉपी प्रत्येकी १० डॉलर पडली, मी चार घेतल्या. तुम्हीही एकदम तीनचार घ्या.

आईबाबांच्या मुद्द्याबद्दल, लग्न जिथे लागलं तिथेच त्याची नोंद. जॉर्जियात लागलेलं लग्न पुण्यात लागलं असं दाखवून मेमोरँडम, म्हणजे तो नमुना ड, भरायला कोणी एजंट तयार होईलही, पण ते खोटं होतं आणि मग एका लग्नाच्या दोन तारखा घेऊन तुम्ही आयुष्यभर खुलासे करत बसाल. भारतात कुठे दाखवायचं असेल तर सर्टिफाइड कॉपीवर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानावा म्हणून लावतात ते प्रमाणपत्र, करून घ्या, ते मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे. यातही एक गंमत, बहुतेक राज्यांत अपोस्टिल सेक्रेटरी ऑफ स्टेट देतो, जॉर्जियात ते सुपीरियर कोर्ट क्लार्कांची एक को-ऑपरेटिव्ह ऑथॉरिटी आहे ती देते. अपोस्टिल सर्टिफाइड कॉपीवरच होतं, फोटोकॉपीवर नाही. उलट बाजूने, तुम्ही आधीच पुण्यात रजिस्टर लग्न करून आला असाल आणि आता फक्त विधी करायचे असतील, प्रश्नात ते स्पष्ट नाही, तर पुन्हा लायसन्स काढूच नका, पुण्याचंच सर्टिफिकेट पुरे आहे, गुरुजींना तसं आधी सांगून ठेवा.

आणि गुरुजींच्या पिशवीत कागद जाऊ देऊ नका. मांडवातच सही घ्या, मोबाइलवर फोटो काढा, मंदिराचं ऑफिस पाठवणार असेल तर कोण पाठवणार ते नाव विचारा, आणि तीन आठवड्यांनी काउंटीला फोन करून नोंद चढली का बघा. त्याच फोनवर कॉप्यांची ऑर्डर देता येते का तेही विचारून घ्या.

मुहूर्त कधीचा आहे ते लिहिलं नाहीत. शनिवारचा असेल तर शनिवारी कोर्ट मिळेल या भरवशावर राहू नका, शार्लटहून चार तास धरा, अटलांटा ओलांडताना शुक्रवारचं ट्रॅफिक लागतं त्याचा एक तास वेगळा, कारण क्लेटनचं मुख्य ठिकाण जोन्सबरो हे अटलांटाच्या पलीकडे दक्षिणेला आहे. जमलं तर गुरुवारीच या, मेंदीच्या आधी. मेंदी ओली असताना सही करता येत नाही, हेही स्वतःच्या अनुभवावरूनच सांगतेय.