बिअरची सवय नाही, बांद्रा-खारकडच्या टॅपरूममध्ये (जिथे बिअर थेट नळातून ग्लासात ओतून देतात) पहिल्यांदाच जायचंय. बाईने एकटीने जावं का? काय मागवावं?

एकटीने खुशाल जा. सोबत कुणी 'जाणकार' तर मुळीच नेऊ नका, कारण तो आधी तुमची ऑर्डर देऊन मोकळा होतो.

आमचे धाकटे दीर त्यातलेच. मे महिन्यातली दुपार, चॅपल रोडवरच्या मधुबालेच्या भित्तिचित्रासमोर पोरींचे फोटो काढता काढता सगळे घामाघूम. जवळच्याच एका टॅपरूममध्ये शिरलो. खुर्चीला पाठ टेकायच्या आत भाऊजींचं फर्मान: "लेडीजना सायडर, आम्हाला सगळ्यात स्ट्राँग काय असेल ते!"

आता, माझी नोकरी डेअरीच्या लॅबमध्ये. यीस्ट, बुरशी, जिवाणू हेच रोजचं. मी उठले, काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, आधी थोडी थोडी चाखायला दे. त्याने हौसेने तीन-चार छोटे ग्लास मांडले. पहिली हेफेवायझन, म्हणजे गव्हाची. भाऊजींनी ग्लास उजेडात धरला. "वहिनी, गढूळ आहे ही. नासलीय. परत करा."

नासलेलं काय असतं ते मला सांगताय? गढूळपणा यीस्टचा आणि गव्हातल्या प्रथिनांचा. ही बिअर गाळतच नाहीत. पिकल्या केळ्याचा वास येतो तो आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या रसायनाचा. तेही यीस्टच बनवतं, आत केळ्याची फोडसुद्धा नसते. लवंगेसारखा वास येतो तोही त्याच यीस्टमुळे. हे सगळं सांगून होईतो भाऊजींनी आपल्या ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकले होते. बर्फाने जीभ बधिर होते आणि बिअर पातळ, मग एवढे पैसे मोजता कशाला?

जाऊबाईंनी मात्र 'लेडीज' सायडर सरबतासारखी दोन घोटांत संपवली. सफरचंदाचा रस आंबवूनच करतात ती, जोर साधारण बिअरइतकाच. घरी जाताना रिक्षावाल्याला त्या भाऊजी म्हणत होत्या.

तुमचं विचाराल तर गव्हाच्या बिअरने सुरुवात करा, फारशी कडू नसते. आयपीए नावाची बिअर हॉप्समुळे, म्हणजे एका वेलीच्या फुलांमुळे, कडू लागते. ती चाखूनच घ्या, थेट मोठा ग्लास नको. मेनूत 'आयबीयू' दिसलं तर तो कडूपणाचा आकडा, जोर कळायला अल्कोहोलची टक्केवारी बघा. एकट्या बाईकडे कुणी बघतं का? बघतात कधीकधी. काउंटरपाशी बसा, बिअर ओतणाऱ्याशी बोलत राहा, वेळ मजेत जातो.

हो, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र न्या. गाडी नेऊ नका. ग्लुटेन चालत नसेल तर गहू-बार्लीच्या वाटेला जाऊ नका, मग सायडरच विचारा (भाऊजींना हे कळू देऊ नका). बाटली भरून घरी आणलीत तर फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा, पाश्चराइज केलेली नसते.

मी शेवटी स्टाउट, म्हणजे काळी बिअर, मागवली. "काळी आहे वहिनी, झेपेल का?" हा वाद अजून चालू आहे, म्हणून इथेच लिहून ठेवते. काळा रंग करपेस्तोवर भाजलेल्या बार्लीचा, त्याचा नशेशी संबंध नाही. गिनेस ड्राफ्ट ही आयरिश स्टाउट काळीकुट्ट, पण अल्कोहोल ४.२ टक्के. भाऊजींच्या फ्रिजमधल्या पिवळ्याधमक स्ट्राँगच्या कॅनवर बारीक अक्षरात ८ टक्क्यांपर्यंत छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा म्हणावं.