बर्फाने झाकलेल्या समुद्रात सिस्मिक सर्व्हे कसा करतात? साध्या समुद्रापेक्षा त्यात अवघड काय असतं?

मुंबई हायच्या पाण्यात मी बरीच वर्षं सिस्मिक जहाजावर, म्हणजे आवाज सोडून समुद्रतळाखालचे थर तपासणाऱ्या जहाजावर होतो, नंतर दोन उन्हाळे आर्क्टिकमध्ये काढले. त्यावरून सांगतो.

उघड्या समुद्रात जहाज चार-पाच नॉटने चालतं. मागे एअरगन, म्हणजे दाबलेली हवा एकदम सोडून आवाज करणारी यंत्रं, आणि कित्येक किलोमीटर लांब स्ट्रीमर, म्हणजे हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) भरलेल्या केबल. गनचा आवाज तळाखालच्या थरांवरून परततो, केबल तो टिपते. आपल्याकडे डोकेदुखी मच्छीमारांच्या जाळ्यांची. तिकडे पाण्याच्या वर जे जे दिसेल ते बर्फ तोडून नेतो, आणि पहिला बळी जातो केबलच्या टोकाचा जीपीएसवाला बोया (तरंगता पिंप). म्हणून बोया लावायचाच नाही, केबल आखूड ठेवायची आणि सगळं सामान जहाजाच्या पाठीला लागून, जड वजनाला बांधून बर्फाखाली सोडायचं.

खोल गेलं की चित्र मात्र जाडंभरडं होतं. पृष्ठभागावरून उलटणारा आवाज मूळ आवाजात मिसळून काही फ्रिक्वेन्सी मारतो. केबल 6 मीटरवर असेल तर साधारण 125 हर्ट्झला, 20 मीटरवर नेली तर 37 हर्ट्झलाच. पातळ थर दाखवणारा आवाज नेमका तिथेच हातचा जातो.

मला खरी धास्ती असायची जहाज थांबण्याची. एकदा पुढच्या आइसब्रेकरने (बर्फ फोडणाऱ्या जहाजाने) काढलेली वाट आम्ही पोचेपर्यंत मिटली. जहाज थबकलं आणि स्क्रीनवर केबलची खोली भराभर वाढू लागली, सगळी केबल उभी लोंबत होती. पाणी उणे 1.8 अंश, त्यात सुटणारी हवा आणखी गार, त्यामुळे फायरिंग थांबलं की गनच गोठायची भीती.

2008 ते 2011 मध्ये आर्क्टिकमधल्या कॅनडा बेसिनमध्ये अमेरिकेचं 'हीली' आणि कॅनडाचं 'लुई एस. सेंट-लॉरेंट' या आइसब्रेकरांनी असाच जोडीने सर्व्हे केला. एक वाट काढायचं, दुसरं मागून मोजायचं. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपलीकडच्या खंडमंचावर (समुद्राखाली पसरलेल्या देशाच्या भूभागावर) हक्क सांगायला गाळाची जाडी दाखवावी लागते. पण आखूड केबलवरून थरांमधला आवाजाचा वेग नीट निघत नाही, आणि वेगाशिवाय जाडी नाही. म्हणून सोनोबॉय टाकतात, रेडिओ लावलेले तरते हायड्रोफोन. ते एकदाच वापरायचे, बर्फाने चिरडले तरी चालतात. जहाज दूर निघून गेल्यावरही एखादा तासन्तास बोलत राहिला, की त्या रेषेचं काम पदरात पडायचं.