स्पंजाला वास येत होता, तरी मी तो वापरला

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दर आठवड्याला डेटॉलच्या पाण्यात मेकअपचे ब्रश आणि स्पंज धुता, तरी गालावर बारीक पुळ्या येतात, स्पंजाला कुबट वास राहतो, असं लिहिलंय. कशाने धुता ते नंतर बघू. धुतल्यावर ठेवता कुठे? माझं सगळं तिथेच फसलं होतं.

मी खानदेशात, अमळनेरला घरीच पार्लर चालवते. श्रावणात नणंदेचं डोहाळजेवण होतं, कानबाईचा सण नुकताच होऊन गेलेला, हवा दमट. दोन दिवस आधी स्पंज धुतला, पिळला आणि धूळ बसू नये म्हणून झिपच्या पिशवीत घालून पेटीत ठेवला. शहाणपणाच केला होता! त्या सकाळी पिशवी उघडली तर ओल्या गोणपाटासारखा वास. मला कळलं होतं, ताई. पण बायका जमायला लागल्या होत्या, दुसरा स्पंज नव्हता. मी त्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि तोच नणंदेच्या डोळ्याखाली थोपटला.

तिसऱ्या दिवशी तिला ही एवढी रांजणवाडी. तिच्या सासूबाई दारातच, "डोयाले काय व्हयनं वं माय?" सातवा महिना, त्यामुळे साधे थेंब घालायचे तरी आधी डॉक्टरांना विचारा. नंतर स्पंज कात्रीने कापला, आत काळे ठिपके. आता स्पंजामुळेच झालं असं छातीठोक नाही सांगत, कारण त्या दिवशी काजळाची एकच पेन्सिल मी चौघींना फिरवली होती. म्हणजे दोन्हीकडून दोष माझाच. दोन वर्षं नणंद माझ्या खुर्चीत बसली नाही. आता बसते, पण आधी स्पंज हातात घेऊन हुंगते.

राग येतो तो मी जिथे पार्लरचं शिकले त्या क्लासचा. नाव घेत नाही. तीन महिने, अठरा हजार फी, कॉन्टूर, म्हणजे गडद-फिक्या रंगाने चेहऱ्याला उठाव देणं, शिकवायला आठवडा, आणि स्वच्छतेवर एकच वाक्य, "सामान स्वच्छ ठेवायचं बरं का." सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं.

तर डेटॉल सोडा. ब्रशचे केस राठ होतात आणि नीट निघालं नाही तर तेच गालाला झोंबतं. बेबी शाम्पू पुरे. ब्रश धुताना केसांचं टोक खाली, वाळवताना आडवा, टॉवेलवर, टोक कट्ट्याबाहेर. पेल्यात उभा ठेवलात की पाणी पत्र्याच्या पट्टीत उतरतं, गोंद सुटतो, आत ओल राहते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारभरात ब्रश कोरडा होतो, पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवूनही मुळाशी ओला लागतो. स्पंज तर उघड्यावरच ठेवायचा, आणि फार महिने चालवायचा नाही. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात करा, क्षाराने केस काड्यांसारखे होतात.

चिमटा, नेलकटर वगैरे आधी साबणाने धुवा, मग स्पिरिट. ते 70 टक्के अल्कोहोलचं घ्या. 99 टक्क्यांचं जास्त कडक म्हणून दुकानदार देतो, पण ते झटकन उडून जातं, जंतूंवर काम करायला वेळच मिळत नाही. आणि लग्नघरात समई-निरांजनाजवळ ते उघडू नका.

काहीजणी म्हणतात, आपल्या उन्हाळ्यातल्या 44-45 अंशांत जंतू कशाला जगतील! जगतात की. मरतं ते आपलं क्रीम, तेल वेगळं होऊन. डबीमागे उघड्या बरणीचं चित्र असतं, त्यावर 6 किंवा 12 लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढेच महिने. मस्कारा तीन महिन्यांवर मी ठेवत नाही, पैसे गेले तरी चालतील.

विषय निघालाच आहे तर, थ्रेडिंगचा दोरा तोंडात धरणारीकडे जाऊ नका. मानेला बांधूनही येतं करता, मी तसंच करते. यावर माझ्याशी भांडणाऱ्या मैत्रिणी आहेत, असू द्या.

मी डॉक्टर नाही. तुमच्या फोटोत दोन पुळ्यांना पिवळं टोक दिसतंय, त्या फोडू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर गालाला काही लावू नका. रविवारच्या लग्नाला जायचंच असेल तर नुसतं काजळ, तेही नवीन.