वाचकांचे प्रश्न : व्यापारी इमारतीतील वीजजोडण्या

प्रश्न : आमच्या कार्यालयीन इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा २० अँपियरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप बंद होणारा स्विच) दुपारच्या वेळी वरचेवर पडतो. त्याच्या जागी ३२ अँपियरचा बसवावा, असे वायरमनने सुचवले आहे. त्याच पॅनेलमधून अधूनमधून जळका वासही येतो, पण मुख्य स्विच मात्र आजवर एकदाही पडलेला नाही. काय करावे?

उत्तर : ३२ अँपियरचा एमसीबी कृपा करून बसवू नका. एमसीबी हा वायरच्या रक्षणासाठी असतो, त्यामुळे त्याचे रेटिंग वायरच्या जाडीवरून ठरते, उपकरणांच्या गरजेवरून नव्हे. त्या सर्किटची वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर २० अँपियर ही तिच्यासाठी बहुधा वरची मर्यादाच आहे, आणि एकाच पाइपमधून अनेक वायरी दाटीने नेलेल्या असतील तर ती मर्यादा आणखी खाली येते. शिवाय एमसीबी त्याच्यावर छापलेल्या आकड्याला पडत नाही. मानकाप्रमाणे रेटिंगच्या १.४५ पट प्रवाहाला तो एका तासाच्या आत पडला म्हणजे पुरे, म्हणजेच ३२ अँपियरचा एमसीबी ४६ अँपियर प्रवाह जवळपास तासभर वाहू देऊ शकतो. साध्या पीव्हीसी आवरणाची सततच्या वापरातील मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. ती वारंवार ओलांडली गेली की आवरण कडक होते, तडकते आणि एके दिवशी शॉर्टसर्किट होते. तेव्हा दुपारच्या वेळी क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा पकडून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) प्रवाह मोजून घ्या आणि जास्तीच्या लोडसाठी पॅनेलमधून स्वतंत्र सर्किट काढा.

मला अधिक काळजी वाटते ती जळक्या वासाची. ढिल्या जोडामुळे प्रवाह वाढत नाही, वाढतो तो त्या एका ठिकाणचा रोध. म्हणून एमसीबी असो वा मुख्य स्विच, त्यांना या दोषाचा पत्ताही लागत नाही. हिशेब साधा आहे. निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. चांगल्या जोडाचा रोध एक सहस्रांश ओहम धरला, तर ३० अँपियरला तिथे एक वॉटही उष्णता होत नाही. तोच रोध ०.१ ओहम झाला की ९० वॉट उष्णता होते, म्हणजे स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत सोल्डरिंग आयर्न अखंड चालू ठेवल्यासारखे होते. या उष्णतेने धातूवर ऑक्साइड चढते, ऑक्साइडमुळे रोध आणखी वाढतो आणि बिघाड आपल्याच गतीने पुढे सरकत राहतो.

वास येत असल्याने हे काम लांबणीवर टाकू नका. पुरवठा बंद करून, स्विचला कुलूप लावून आणि टेस्टरने खात्री करून परवानाधारक वायरमनकडून पॅनेल उघडून घ्या. टर्मिनलजवळचे आवरण तपकिरी पडलेले दिसले किंवा लगचा (वायरच्या टोकावरच्या धातूच्या जोडतुकड्याचा) रंग बदललेला आढळला, तर नुसता स्क्रू आवळून भागणार नाही. काळवंडलेला भाग कापून स्वच्छ तांब्यापर्यंत जावे, नवा लग क्रिंप करावा (दाबून घट्ट बसवावा) आणि टर्मिनल भाजले असेल तर एमसीबीच बदलावा. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कप्रमाणे (आवळण्याच्या जोराप्रमाणे) टॉर्क रेंचनेच आवळावेत, कारण अति आवळल्यानेही तारा तुटतात. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला (पॅनेलमधल्या प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला) जोडलेली असल्यास द्विधातू, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असलेले, लग हवेत. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड आपोआप ढिला पडतो.

वार्षिक देखभाल सुट्टीच्या दिवशी ठेवण्याची पद्धत असते. आवळण्याच्या कामासाठी ती योग्यच आहे, परंतु थर्मल कॅमेऱ्याची पाहणी मात्र कामाच्या दिवशी, लोड भरपूर असतानाच व्हायला हवी, कारण प्रवाह नसेल तर ढिला जोडही थंडच दिसतो. चकचकीत बसबार कॅमेऱ्यात प्रत्यक्षापेक्षा थंड भासतो, हेही पाहणाऱ्याला ठाऊक असावे. एकाच स्विचच्या तीन फेजवर सारखाच लोड असताना एक जोड इतर दोहोंपेक्षा गरम दिसणे, ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

प्रश्न : काही खोल्यांतले दिवे अचानक प्रखर होतात, त्याच वेळी दुसरीकडचे मंद होतात. दोन संगणकांचे पॉवर सप्लायही जळाले. व्होल्टेज स्टॅबिलायझर बसवावा का?

उत्तर : स्टॅबिलायझरचा विचार नंतर करा, आधी मुख्य न्यूट्रलचा (प्रवाहाच्या परतीच्या वायरचा) जोड तपासून घ्या. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की फेज आणि न्यूट्रलमधले २३० व्होल्ट टिकत नाहीत. ज्या फेजवर लोड कमी, तिच्या उपकरणांवर व्होल्टेज चढते आणि ते ४०० व्होल्टच्या आसपासही जाऊ शकते. जोड नीट होईपर्यंत तिथली नाजूक उपकरणे प्लगमधून काढून ठेवावीत.

न्यूट्रल सुटण्यामागे आणखी एक कारण असू शकते. संगणक, यूपीएस आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर प्रवाह सरळ लयीत न घेता तुकड्यातुकड्यांनी घेतात. त्यातून उपजणारे तिसऱ्या हार्मोनिकचे प्रवाह, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १५० हर्ट्झचे, न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता बेरीज होऊन येतात. त्यामुळे तिन्ही फेज समतोल असूनही न्यूट्रल तापलेला आढळतो, आणि जुन्या इमारतीत तर तो फेजच्या निम्म्या जाडीचाच टाकलेला असण्याची शक्यता असते. ट्रू आरएमएस मीटरने (अशा तुटक प्रवाहाचेही खरे मूल्य दाखवणाऱ्या मीटरने) न्यूट्रलचा प्रवाह मोजा, आणि तो फेजइतका किंवा त्याहून जास्त निघाला तर पूर्ण जाडीची किंवा त्याहून मोठी न्यूट्रल केबल टाकून घ्या.

प्रश्न : आरसीसीबीचे (प्रवाहाची गळती झाल्यास पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो. एवढी खात्री पुरेशी आहे का?

उत्तर : नाही. बटणाने फक्त आतली यंत्रणा चालते की नाही हे कळते. अर्थिंग जोडलेले आहे की नाही हे कळत नाही. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी किती प्रवाहाला आणि किती वेळात पडतो, हे आरसीसीबी टेस्टरने पाहावे, अर्थिंगची सलगता प्रत्येक सॉकेटपर्यंत तपासावी आणि इन्सुलेशनचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजून तो किमान एक मेगाओहम असल्याची खात्री करावी. मेगर लावण्यापूर्वी सर्ज प्रोटेक्टर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्किटमधून सोडवून घ्यावीत, नाहीतर तीच निकामी होतील.